तयार कपड्याचा पूर्वेतिहास : बंद, गुंडी आणि आंकडा
(नगर प्रांताच्या अनुरोधानें)

शिवून ठेविलेला कपडा दुकानांतून विकत घ्यावा व तसाच अंगांत घालावा ही रीत इंग्रजी अमदानींत आपल्याकडे आली. तत्पूर्वीं प्रत्येक मनुष्य कापड घेई व शिंप्याकडून आपल्या अंगाच्या मापानें तें शिववून घेई, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज अगदींच निराधार आहे असें नाहीं. शिवणयंत्र, आंकड्यांनीं ठरविलेलीं मापें आणि एका नमुन्याचे हजारों कपडे काढणारे कारखाने ह्या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकांतील आहेत, ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु यंत्र अर्वाचीन आहे एवढ्यावरून, तें यंत्र ज्या कल्पनेची सेवा करतें ती कल्पनाही अर्वाचीन होय, असें अनुमान काढणें न्याय्य नव्हे.

प्रथम लक्षण सांगितलें पाहिजे. ज्याच्या अंगावर तो जावयाचा त्या मनुष्याचें माप न घेतां, किंबहुना तो मनुष्य कोण हें ठाऊक नसतां, शिवून ठेविलेला कपडा तो तयार कपडा, असें लक्षण आम्ही करतों. ह्यांत विकण्याचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केलेला नाहीं. तो कपडा पुढें विकला गेला, बक्षीस दिला गेला किंवा शिपायास वांटला गेला, हा भेद नंतरचा. शिवणाऱ्यापुढील अडचण तिन्ही ठिकाणीं एकच असते. ती अडचण म्हणजे अनोळखी अंग. ह्या अडचणीला आपल्या देशांत तीन उत्तरें मिळालीं : पहिलें, कपडा शिवूंच नये, दुसरें, शिवावा परंतु त्याचें माप बंदांवर सोंपवावें, तिसरें, अंगांनाच आंकडे द्यावे. ह्या तीन उत्तरांचा क्रम नगर प्रांताच्या आधारें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें आहे; मागील काळाविषयीं लिहितांना आम्हीं ‘नगर’ हें लोकांच्या तोंडचें नांवच वापरिलें आहे.

१. शब्दांची साक्ष

अमरकोशांत शिंप्याला तुन्नवाय व सौचिक अशीं दोन नांवें दिलीं आहेत. सूची म्हणजे सुई. तिच्यावर जगणारा तो सौचिक, हें उघड आहे. तुन्नवाय हा शब्द अधिक बोलका आहे. तुद् धातूपासून तुन्न म्हणजे टोंचलेलें, फाटलेलें. वे धातूपासून वाय म्हणजे विणणारा. फाटलेलें पुनः विणून देणारा तो तुन्नवाय. म्हणजे ज्याला आपण आज रफू करणारा म्हणतों तो. ह्यावरून शिंप्याचें मूळ काम नवें बेतण्याचें नसून जुनें सांधण्याचें होतें, असा तर्क करण्यास जागा आहे. कौटिल्यानें परटाविषयींचे नियम सांगून तेच तुन्नवायांस लावले आहेत. दुसऱ्याचें वस्त्र ज्याच्या हातीं विश्वासानें द्यावयाचें अशा दोघांना त्यानें एका सूत्रांत घातलें, हें त्या व्यवसायाच्या मूळ स्वरूपाशीं जुळतें. मनुस्मृतींत ज्यांचें अन्न घेऊं नये त्यांच्या यादींत तुन्नवाय आहे. म्हणजे शिंप्याचा उपयोग होता, मान नव्हता.

नवें शिवलेलें वस्त्र मुख्यतः कोठें दिसतें? सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत राजांच्या वेषाचें वर्णन केलें आहे. त्यांत कंचुक, वारबाण, चीनचोलक, कूर्पासक हीं शिवलेल्या वस्त्रांचीं नांवें येतात, आणि तो प्रसंग सैन्यप्रयाणाचा आहे. घरांत व देवापुढें न शिवलेलें वस्त्र, घोड्यावर व रणांत शिवलेलें, असा हा विभाग पुढें हजार वर्षें टिकला. सोंवळ्याला शिवण चालत नाहीं ही आपल्या घरांतील रीत त्याचाच अवशेष होय.

मराठींतील शिवणकामाच्या शब्दांचे तीन थर सहज वेगळे काढतां येतात. सुई, कातर, चोळी, अंगरखा हे शब्द अनुक्रमें सूची, कर्तरी, चोल व अंगरक्षक ह्यांपासून आलेले. हा पहिला थर. जामा, पैरण, पायजमा, तुमान, विजार, अस्तर, दर्जी हा फारसी-अरबी थर; तो बहमनी व निजामशाही दरबारांतून उतरला. तिसरा थर लहान पण महत्त्वाचा आहे. बटण ज्यांत अडकवावयाचें त्या छिद्राला आपण काज म्हणतों. हा शब्द पोर्तुगीज ‘कासा’पासून आलेला आहे, आणि इस्त्री हा शब्दही त्याच वाटेनें आला. गोव्याच्या किनाऱ्यानें आलेलें हें काज पुढें कपड्याच्या इतिहासांत काय उलथापालथ करतें, तें पांचव्या व सहाव्या प्रकरणांत येईल.

२. न शिवलेलें, पण तयार

नगर, भिंगार, संगमनेर, पाथर्डी ह्या ठिकाणचे माग लुगड्यांसाठीं प्रसिद्ध होते. लुगडें मागावरून उतरलें कीं तें पूर्ण झालें. त्याला कातर लागत नाहीं, सुई लागत नाहीं. उंच व ठेंगणी, कृश व स्थूल, कुमारी व गर्भिणी ह्या सर्वजणी तेंच नेसतात. माप घेण्याचें काम विणकराचें नाहीं, शिंप्याचें नाहीं. तें नेसणारीच्या हाताचें आहे. निऱ्या कमीजास्त केल्या कीं माप झालें. धोतर व उपरणें ह्यांचीही तीच गोष्ट. ह्या दृष्टीनें पाहतां आपला सर्वांत जुना तयार पोशाख म्हणजे न शिवलेला पोशाख होय. आणि ज्या प्रांतांत तो इतका सोयीचा होता तेथें शिवलेल्या कपड्याची बाजारपेठ उशिरां वाढली ह्यांत नवल नाहीं.

येथपासून अर्धी पायरी पुढें गेलें म्हणजे खण लागतो. खण हा शिवलेला नाहीं. परंतु तो नुसतें कापडही नाहीं. एका चोळीला जेवढें लागतें तेवढेंच तें काठासकट विणलेलें असतें. कापड ठरीव, शिवण घरची, अशी ही मधली अवस्था आहे. पुरुषांच्या बाबतींत ‘जामेवार’ हा शब्द हीच गोष्ट सांगतो. एका जाम्यापुरतें कापड तें जामेवार. बहुमानाचीं वस्त्रें देण्याची जी मराठी रीत होती तिच्या यादींत शेला, पागोटें, महमुदी, किनखाब अशीं सनगें येतात, तीं बहुतांशीं न बेतलेलींच. देणाऱ्यास घेणाऱ्याचें अंग ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. बहुमान दरबारांत होई, आणि माप घरीं गेल्यावर शिंपी घेई.

डोक्याच्या बाबतींत हा फरक अधिक स्पष्ट दिसतो. पागोटें रोज बांधावयाचें. तें कोणाच्याही डोक्यास बसतें. पगडी मात्र पगडबंदानें एकदां बांधून, टांके घालून घट्ट केलेली असते. ती ज्याची त्यालाच बसावयाची. एकाच वस्त्राचें सैल रूप सर्वांचें होतें, घट्ट रूप एकाचें होतें.

३. दरबारचा तयार कपडा

मलिक अहमदानें १४९० सालीं स्वतंत्र होऊन १४९४ सालीं अहमदनगर वसविलें. त्या घराण्याच्या काळचा वेष कसा होता हें पाहण्यास आपल्याजवळ एक अमोल साधन आहे. हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ आफताबी नांवाच्या कवीनें रचिलेलें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें फारसी काव्य, त्याची इ. स. १५६५ च्या सुमाराची सचित्र पोथी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहे, आणि मंडळानें तिचें संपादित पुस्तक १९८७ सालीं प्रसिद्ध केलें आहे. राणी खानजा हुमायून हिची आकृति मागाहून कोणीं पुसून टाकिली, हें त्या चित्रांचें दुर्दैव सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्या चित्रांतील स्त्रियांच्या अंगास चिकटून बसणाऱ्या चोळ्या आणि पुरुषांचे लांब जामे हे दोन्ही पाहण्यासारखे आहेत. एकाच दरबारांत घट्ट व सैल अशा दोन्ही प्रकारचें शिवणकाम तेव्हां चाललें होतें.

ह्या दरबारांतून व त्याच्या शेजाऱ्यांकडून मराठी राज्यास जामदारखाना मिळाला. जामा ठेवणारा तो जामदार, आणि त्याचें घर तें जामदारखाना. अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादींत त्याचें नांव आहे. पुढें हा शब्द खजिन्यास लागूं लागला. परंतु मूळ अर्थ कपड्यांचें कोठार हाच.

अशा कोठारांत तयार कपडा असे कीं नुसतें कापड? मोगलांपुरतें ह्याचें उत्तर अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत स्पष्ट दिलें आहे. प्रत्येक ऋतूस बादशाही कोठारासाठीं एक हजार पूर्ण पोशाख शिवले जात, आणि त्यांपैकीं एकशें वीस पोशाख बारा गांठोड्यांत बांधून सदैव सिद्ध ठेवीत. कोणत्या कपड्याला किती कापड लागतें, किती रेशीम लागतें व शिलाई काय पडते ह्याचे आंकडेही तेथें दिले आहेत. ज्या राज्यांत शिलाईचा दर ठरीव आहे व कपडा ऋतूच्या आधीं शिवून बांधून ठेविला आहे, त्या राज्याला तयार कपडा ठाऊक नव्हता असें कोण म्हणेल? अकबराच्या सैन्यानें १६०० सालीं नगरचा किल्ला घेतला. त्याच्याबरोबर ही व्यवस्थाही ह्या प्रांतांत आली.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, हे पोशाख बादशहाच्या स्वतःच्या अंगाचे असतील. मग त्यांस तयार कपडा कसें म्हणावें? ह्याचें समाधान खिलतीच्या चालींत आहे. खिलत म्हणजे अंगावरून उतरून दिलेलें वस्त्र, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु रोज अनेकांस खिलत द्यावयाची असतां प्रत्येक वेळीं अंगावरचें वस्त्र देणें शक्य नसे. नांवाला बादशहाच्या अंगचें, प्रत्यक्षांत कोठारांतलें, असें वस्त्र घेणाऱ्याच्या खांद्यावर पडे. बादशहाच्या देहाशीं असलेला संबंध नाममात्र उरला आणि कपडा ज्याच्या त्याच्या अंगास बसूं लागला. तो कसा बसे, हेंच आतां पाहावयाचें आहे.

४. बंदांची युक्ति

जुन्या शिवलेल्या कपड्यांत बटण जवळजवळ नाहीं. जामा, अंगरखा, बाराबंदी ह्यांचे पुढील दोन भाग एकमेकांवर येतात व बंदांनीं बांधले जातात. बारीक मनुष्यानें बंद ओढून बांधावे म्हणजे पुढचा भाग अधिक दुमडतो. स्थूल मनुष्यानें सैल बांधावे म्हणजे कमी दुमडतो. कपडा एकच, अंगें निराळीं. बगलेंत बसविलेली कळी हात वर करण्यास जागा देते, त्यामुळें खांद्याचें माप चार बोटें चुकलें तरी शिवण उसवत नाहीं. पायजमा व तुमान ह्यांच्या नेफ्यांतील नाडी कमरेचा प्रश्न सोडविते. बाराबंदीचें नांवच तिच्या बारा बंदांवरून पडलें आहे. कापडावरून नाहीं, घाटावरून नाहीं, बंदांवरून.

चोळीचा प्रकार ह्याहून सूक्ष्म आहे. ती अंगास घट्ट बसते. तरी तिच्या पुढच्या दोन टोंकांची गांठ मारावयाची असते, आणि त्या गांठींत माप साठविलेलें असतें. बाळंतपणापूर्वीं व नंतर, उन्हाळ्यांत व हिंवाळ्यांत, तीच चोळी त्याच बाईस चालते. बंद व गांठ ह्यांवरून मनुष्याची ओळखही होई. अकबरानें ‘तकौचिया’ नांवाचा मूळचा हिंदुस्थानी अंगरखा, जो पूर्वीं डाव्या अंगास बांधीत, तो उजव्या अंगास बांधण्याची व त्याचा घेर गोल करण्याची आज्ञा केली, असें आईन-इ-अकबरींत सांगितलें आहे. बंदाची बाजू हा बादशहाच्या आज्ञेचा विषय होता, ह्यावरून बंदाचें महत्त्व कळावें.

ह्या युक्तीचें सर्वांत घरगुती उदाहरण बाळंतविड्यांत आहे. अंगडें, टोपडें, कुंची, झबलें हीं सर्व मूल जन्मण्याच्या आधीं किंवा जन्मतांच, त्याला न पाहिलेल्या आजीनें व मावशीनें शिवलेलीं असतात. जें अंग अजून जगांत आलेलेंच नाहीं त्याच्यासाठीं शिवलेला कपडा, ह्याहून तयार कपडा दुसरा कोणता? आणि तो बसतो, कारण त्याला बंद असतात. मूल वाढतें तसा बंद सैल होतो. पुढें तेंच मूल शाळेंत जाऊं लागलें कीं त्याचा सदरा ‘वाढत्या अंगाचा’ शिवण्यास सांगतात. ह्या दोन शब्दांत शिंप्याला केवळ आजचें माप नव्हे तर पुढील दोन वर्षांचेंही माप दिलेलें असतें.

५. बादशहाच्या टोप्या

बंदही नको व मापही नको असा शिवलेला कपडा एकच, ती टोपी. आणि नगरच्या इतिहासांत तयार कपड्याचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख टोपीचाच आहे. दक्षिणेंत पंचवीस वर्षें लढून थकलेला औरंगजेब १७०६ च्या जानेवारींत नगरास परतला, आणि पुढील वर्षीं, ३ मार्च १७०७ रोजीं, भिंगारजवळच्या छावणींत मरण पावला. त्याचा देह खुलदाबादेस नेला. परंतु भिंगारजवळील आलमगीर ह्या स्थळाचें नांव त्याची आठवण धरून आहे. हमीदुद्दीनखानाच्या नांवावर चालणाऱ्या ‘अहकाम-इ-आलमगिरी’ ह्या संग्रहांत, जो यदुनाथ सरकारांनीं भाषांतरून प्रसिद्ध केला, बादशहाचें एक मृत्युपत्र दिलेलें आहे. स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या किंमतींतून उरलेले चार रुपये दोन आणे कफनासाठीं खर्चावे, आणि कुराणाच्या नकला करून मिळविलेले तीनशें पांच रुपये फकिरांस वांटावे, असा त्यांतील आशय आहे. ह्या मृत्युपत्राच्या अस्सलपणाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. तथापि तें बनावट मानलें तरी आमचा मुद्दा ढळत नाहीं. टोप्या शिवून विकणें हा कष्टाचा व निर्वाहाचा मान्य मार्ग आहे, आणि त्या टोप्या विकत घेणारा मनुष्य आधीं ठरलेला नसतो, ह्या दोन गोष्टी वाचकांस नवल न वाटतां पटाव्या अशी लेखकाची अपेक्षा आहे. ज्याच्या कोठारांत हजारों पोशाख सिद्ध असत त्या घराण्याच्या बादशहाच्या नांवानें हा हिशेब सांगितला जावा, ही गोष्ट इतिहासकारानें विसरूं नये.

टोपीचा हा गुण पुढेंही उपयोगी पडला. १९२० नंतरच्या असहकारितेच्या चळवळींत खादीची पांढरी टोपी गांवोगांव पसरली, त्याचें एक कारण असें कीं ती कोणासही शिवतां येई व कोणासही विकतां येई. बिनबाह्यांचें जाकीट, ज्याला लोक जवाहर जाकीट म्हणूं लागले, त्याचाही प्रसार ह्याच कारणानें सुलभ झाला. बाहीचें माप हा शिवणींतील सर्वांत कठीण भाग, आणि तोच त्यांत नाहीं. ज्यांच्या नांवानें तें चाललें ते जवाहरलाल नेहरू १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत नगरच्या किल्ल्यांत कैदेंत होते, हा योगायोग येथें नोंदवून ठेवतों. मात्र जाकिटाला बंद नाहींत. त्याला बटणें आहेत. हीं बटणें व काजें ह्या प्रांतांत समूहानें कोणत्या वाटेनें आलीं, तें आतां सांगावयाचें आहे.

६. पलटण आणि आंकडा

८ ऑगस्ट १८०३ रोजीं वेलस्लीनें नगरची पेठ घेतली व १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या हातीं आला. किल्ला १७९७ पासून शिंद्यांकडे होता, आणि पेठेच्या रक्षणास अरबांबरोबर शिंद्यांच्या कवायती पायदळाची एक पलटण होती. म्हणजे त्या दिवशीं नगरच्या तटाखालीं दोन्ही पक्षांकडे कवायती पलटणी उभ्या होत्या. बाणाच्या काळीं शिवलेलें वस्त्र सैन्यांत दिसतें असें वर सांगितलें. आतां तें सैन्यांत एकसारखें झालें, आणि बंद जाऊन त्या जागीं बटण व काज आलें.

बटणाचा स्वभाव बंदाहून निराळा आहे. बटण एकाच जागीं लागतें. तें लागलें नाहीं तर कपडा लहान, आणि लागूनही ढिला राहिला तर मोठा. बंद मनुष्याशीं तडजोड करतो. बटण निकाल देतें. म्हणून गणवेशाबरोबर मापाचे वर्ग करणें भाग पडलें. कंपनीच्या सैन्यांत शिपायाच्या पगारांतून कपड्याची रक्कम कापून घेत व कपडा घाऊक शिववून वांटीत. जो बसला नाहीं तो पलटणीचा शिंपी उसवून नीट करी. येथें प्रथमच शिंप्याचें काम कपडा तयार झाल्यानंतर सुरू होऊं लागलें.

ह्याच गरजेंतून यंत्र निघालें. फ्रान्सांत बार्थेलेमी थिमोनिए ह्या शिंप्यानें १८३० सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें आणि पॅरिसमध्यें ऐंशी यंत्रें लावून फ्रेंच लष्कराचे गणवेश शिवण्यास आरंभ केला. १८३१ सालीं शिंप्यांच्या जमावानें तीं यंत्रें फोडून टाकिलीं. पोट जाईल ही त्यांची भीति खोटी नव्हती. अमेरिकेंत हाव्हचें पेटंट १८४६ चें, सिंगरचें १८५१ चें. पुढें १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत लाखों शिपायांस कपडे पुरवितांना त्यांचीं मापें जमा झालीं, आणि छातीचें एक माप सांगितलें कीं बाकीचीं मापें बहुधा कोणतीं असतील हें ठरवितां येतें असें दिसून आलें. अंगाला आंकडा मिळाला तो असा. हिंदुस्थानांत लष्करी कपड्यांचा सरकारी कारखाना शहाजहानपूर येथें १९१४ सालीं निघाला.

नगरास ह्या घडामोडींचा धक्का आगगाडीनें पोंचविला. धोंड-मनमाड रस्ता १८७८ सालीं सुरू झाला आणि मुंबईच्या गिरण्यांचें कापड, व मागाहून शिवणयंत्रें, नगरच्या बाजारांत सहज येऊं लागलीं. भिंगारच्या छावणीमुळें गणवेशाची शिलाई येथें अपरिचित राहिली नाहीं. १९४८ सालापासून तर रणगाडा दलाचें केंद्र नगरास आहे. शहरांतील कापडबाजाराचें नांव अद्याप कापडबाजारच आहे; परंतु तेथील दुकानांत आज कापडाइतकाच, किंबहुना अधिक, शिवलेला कपडा मांडलेला दिसतो.

७. शिंप्याचें काय झालें

नामदेवांचा व्यवसाय सांगणारा हा समाज गांवगाड्यांत अलुत्यांत गणला जाई. स्वतः नामदेवांनीं आपल्या धंद्याचीं साधनें अभंगांत भक्तीच्या रूपकांस वापरलीं. त्यामुळें शिंप्याच्या हत्यारांना मराठी वाङ्मयांत जेवढी प्रतिष्ठा आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कारागिराच्या हत्यारांना असेल. यंत्र आलें तेव्हां आपल्याकडे तें कोणीं फोडलें नाहीं. शिंप्यानें तें घेतलें, कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर मांडलें, आणि जवळजवळ तीन पिढ्या त्यावर काढल्या. यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधींनींही १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलें होतें. यंत्र एकट्या मनुष्याच्या हाताखालीं राही, आणि माप घेणारा व शिवणारा एकच असे, तोंवर जुनी व्यवस्था मोडली नव्हती. ती मोडली तयार कपड्यानें.

तयार कपडा स्वस्त कां पडतो, ह्यांत गूढ कांहीं नाहीं. कापडाचे अनेक थर एकावर एक घालून एकदांच कातरतात. एक मनुष्य दिवसभर एकच शिवण घालतो. आणि कापडाची नासाडी कमी होते. कापडाचे शिवलेले कपडे लहान उद्योगांसाठीं राखून ठेवण्याचें सरकारी धोरण होतें, तें २००० सालीं उठलें. तेव्हांपासून मोठे कारखाने ह्या धंद्यांत मोकळेपणीं आले. सोलापुरासारख्या जुन्या विणकरी शहरानें शाळांच्या गणवेशांचा धंदा उभा केला आहे. ह्यामुळें गरिबाच्या मुलासही सणाला नवा शिवलेला कपडा मिळूं लागला, हें नाकारणें अन्यायाचें होईल. आम्ही जुन्याचे अभिमानी असलों तरी, अर्धें गांव उघडें होतें त्या काळाची थोरवी गाणार नाहीं.

परंतु हानि झाली ती कोणती हेंही सांगितलें पाहिजे. शिवणीच्या आंत राखून ठेवलेलें जास्तीचें कापड, जें उसवून कपडा वाढवितां येई, तें नाहींसें झालें. वाढत्या अंगाचा हा शब्दप्रयोग अर्थहीन होत चालला. १९५६ च्या कायद्यानंतर कापड मीटरनें मोजलें जाऊं लागलें, परंतु छाती व कंबर आपण अद्याप इंचांनींच सांगतों. ज्या आंकड्यांत आपलीं अंगें बसवितों ते आंकडे मुळांत परक्या अंगांवरून काढलेले होते. ह्यावर उपाय म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षांच्या २५,००० हून अधिक स्त्रीपुरुषांचीं मापें घेण्याची योजना केंद्र सरकारनें २०१८ सालीं हातीं घेतली. जें माप नेसणारीच्या निरीत होतें, मग बंदांत होतें, मग शिंप्याच्या फितींत होतें, तें आतां सरकारास मोजून घ्यावें लागत आहे.

८. संग्राहकांस विनंति

हा विषय अद्याप अंधारांत राहिला ह्याचें कारण साधनांचा अभाव नसून साधनांची उपेक्षा हें आहे. राजेरजवाड्यांचे पोशाख संग्रहालयांत जातात. रयतेचा कपडा विटला कीं त्याची गोधडी होते, आणि गोधडी विटली कीं पोतेरें होतें. परंतु एक जागा अशी आहे कीं जेथें जुना कपडा शतकानुशतकें राहूं शकतो, आणि ती जागा आपणां सर्वांच्या हाताखालीं आहे. ती म्हणजे पोथीचें बासन व दफ्तराचा रुमाल. पोथी घेऊन बासन फेंकून देण्याची संग्राहकांची संवय आहे. ती सोडावी अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

बासन पाहतांना पुढील गोष्टी पाहाव्या. कापडाची कड गोलाईनें कातरलेली असेल तर तें पूर्वीं शिवलेल्या कपड्याचा गळा अथवा बगल असण्याचा संभव आहे. कडेला बंदाचा तुकडा किंवा तो उसवल्याचीं छिद्रें आहेत काय, हें उजेडासमोर धरून पाहावें. टांका हाताचा कीं यंत्राचा हें ओळखणें सोपें आहे. यंत्राच्या सामान्य टांक्यांत वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. असा टांका आढळल्यास तें बासन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचें नाहीं हें निश्चित. मग आंतील पोथी कितीही जुनी असो. रंगही साक्ष देतो. कृत्रिम रंगांचा आरंभ १८५६ चा, कृत्रिम मंजिष्ठ रंगाचा शोध १८६९ चा आणि कृत्रिम निळीचा व्यापार १८९७ चा. म्हणून रंगाची परीक्षा करवितां आली तर कालाची एक मर्यादा हातीं येते. बासनास पोथीचाच क्रमांक द्यावा व तें धुऊं नये. तसेंच शिंप्यांच्या घरीं मापांच्या व उधारीच्या वह्या असतील तर त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. एका गांवच्या माणसांच्या छात्या, कमरा व हातांची लांबी ज्यांत वर्षानुवर्षें उतरली आहे असा दुसरा कागद कोणत्याही दफ्तरांत मिळणार नाहीं. दुष्काळांत माणसें किती वाळलीं, हेंही त्यांतून कळूं शकेल.

सारांश, तयार कपडा ही परकी कल्पना नव्हे. तो बादशाही कोठारांत होता, बाळंतविड्यांत होता, बादशहाच्या नांवें सांगितलेल्या टोप्यांत होता. परकें आलें तें बटण, आणि बटणाबरोबर आंकडा. पूर्वींचा तयार कपडा अंग न पाहतां शिवलेला असूनही अंगासाठीं जागा ठेवून शिवलेला होता. आजचा कपडा अंगें मोजून शिवलेला असूनही अंगालाच त्यांत जागा शोधावी लागते. हा भेद ज्या वस्तूंवरून सिद्ध करतां येईल त्या वस्तु अजून आपल्या कपाटांत पोथ्यांभोवतीं गुंडाळलेल्या आहेत. त्या सोडवून पाहण्याचें काम अभ्यासकांनीं हातीं घ्यावें, एवढीच प्रार्थना.